शिंद्यांचं स्पेलिंग, बसऱ्याची यादी

सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे गावाच्या नावाला लोक ‘मिलिटरी’ हा शब्द जोडूनच बोलतात. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण कामी आले, हे तिथल्या पोराटोरांनाही तोंडपाठ असतं. युद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने ज्या गावांतून शिपाई भरती झाले होते तिथे दगडी पाट्या बसवल्या. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेत, कुठे देवळाच्या आवारात. मजकूर ठरलेला होता. या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गावागणिक फक्त दोन आकडे बदलायचे. माणसाचं नाव एकही नाही.

आता हजारो मैलांवरच्या इराककडे वळू. बसऱ्याचं युद्धस्मारक मेसोपोटेमियाच्या आघाडीवर मेलेल्या आणि ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४० हजारांहून जास्त जणांसाठी उभारलं गेलं. त्याच्या शिळांवर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांची, म्हणजे सुभेदार-जमादारांचीही आहेत. त्यांच्याखालच्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीपुढे फक्त आकडा आहे. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमावरून हे सबंध स्मारक बंदराच्या गोदीतून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात नेऊन पुन्हा उभं केलं. शिळा हलल्या, आकडे तसेच राहिले.

गावच्या पाटीवर आकडा, बसऱ्याच्या शिळेवरही आकडा, आणि या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी एक रामा, एक बाबाजी, एक सखाराम. तो सापडणं गेल्या पंधरा-वीस वर्षांत कधी नव्हे इतकं शक्य झालं आहे, कारण जगभरातली दप्तरं संगणकावर आली. तरीही मराठी घरं या दप्तरांपर्यंत फारशी पोचलेली नाहीत. दोष सगळा त्यांचा नाही. ही दप्तरं इंग्रजी कानाने ऐकून लिहिलेली आहेत आणि ती मराठीत परत आणायची जबाबदारी आजवर कुणीच घेतलेली नाही.

मेसोपोटेमिया हे नाव मराठी घरात कधीच चाललं नाही. ‘आजोबा बसऱ्याला गेलते’ एवढंच सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. १९१४ च्या नोव्हेंबरात तिथे उतरलेल्या फौजेचं नावच सहावी पूना डिव्हिजन होतं. पुढे हीच फौज जनरल टाउनशेंडच्या हाताखाली कुत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकली. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी त्यात होत्या. वेढा १४७ दिवस चालला. अन्न संपलं, घोडे कापून खायची वेळ आली, आणि अनेक हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या हाती पडली. त्यातले किती वाटेत चालताना, किती रेल्वेच्या कामावर, किती तापाने गेले याचा घरच्यांना तेव्हा पत्ता लागणं अवघडच होतं. ‘गेला तो आलाच नाही’ ही त्या घरांतली शेवटची नोंद.

शोध सुरू करायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांची थडगी आणि स्मारकं ही संस्था १९१७ पासून सांभाळते. अविभाजित हिंदुस्थानचे पहिल्या युद्धातले सुमारे ७४ हजार आणि दुसऱ्यातले सुमारे ८७ हजार मृत तिच्या हिशेबात येतात. यादी फुकट पाहता येते. पलटण, तारीख, स्मारक, शिपायाचा नंबर असं काहीही घालून शोधता येतं, आणि निघालेली यादी तक्त्याच्या रूपात उतरवूनही घेता येते.

याच संस्थेने २०२१ साली स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल छापला आणि स्वतःचंच माप पदरात घेतलं. पहिल्या युद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांचं, ज्यांत हिंदी आणि आफ्रिकी बहुसंख्य, स्मरण बरोबरीच्या नात्याने झालं नाही. आणखी किमान १ लाख १६ हजार जण, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने नोंदलेच गेले नाहीत किंवा मुळीच नोंदले गेले नाहीत. ही दुसरी संख्या मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधली आहे. ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली. शंभर वर्षांनी मागितलेली माफी किती मोलाची, हे ज्याचं त्याने ठरवावं. संशोधकाच्या कामाचं त्यातून एकच निघतं. यादीत नाव नाही म्हणून माणूस गेलाच नव्हता, असं म्हणता येत नाही.

यादी उघडली की पहिला अडथळा पलटणीच्या नावातच लागतो. इंग्रज कारकुनाने ‘मराठा’ लिहिताना एम-ए नंतर एक एच घुसवला आणि टी दोनदा काढला. ‘माहराट्टा’ म्हणावं असं ते स्पेलिंग स्वातंत्र्यापर्यंत चाललं. आजच्या पद्धतीने मराठा टाइप करणाऱ्याच्या हाती त्यामुळे अर्धीमुर्धी यादी लागते आणि तो निराश होऊन उठतो.

दुसरा अडथळा पलटणींच्या नंबरांचा. घरात परंपरेने चालत आलेलं असतं की पणजोबा ‘पाचव्या पलटणीत’ होते. कुठल्या पाचव्या? १९०३ पूर्वीची पाचवी म्हणजे मुंबई इलाख्याच्या फौजेतली. १९०३ साली सरसेनापती किचनेरने सगळ्या फौजेचे नंबर बदलले तेव्हा मुंबईच्या पलटणींत शंभर मिळवले गेले. तिसरीची १०३ झाली, पाचवीची १०५, दहावीची ११०. मग १९२२ मध्ये सहा मराठा पलटणी एकत्र करून जी रेजिमेंट बनली तिचंच नाव ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ पडलं आणि तिचं केंद्र बेळगावात आलं. तेव्हापासून तिच्यातल्या प्रत्येक पलटणीचा माणूस स्वतःला पाचवीचा म्हणू शकत होता. जुनी १०५ आता दुसरी बटालियन झाली, पण तिचं ‘काळी पाचवी’ हे टोपणनाव काही गेलं नाही. १०३ म्हणजे ‘जंगी पलटण’, ती पहिली. ११० ची तिसरी बटालियन झाली आणि स्वातंत्र्यानंतर ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन आजची दुसरी पॅरा बनली. कागदावर इंग्रजी आकड्यांत ‘तीन भागिले पाच’ दिसलं तर तो अपूर्णांक समजू नये. पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मग नावं.

नाव मराठी माणसाने सांगितलं, ते कारकुनाने ऐकलं, त्यावरून टंकणाऱ्याने टंकलं आणि अलीकडे कुणीतरी संगणकात चढवलं. या चार हातांतून जाताना शिंदे कधी ‘सिंदे’ होतात, कधी एकदम ग्वाल्हेरच्या घराण्याला शोभेलसे ‘सिंधिया’. जाधवांचे ‘जादव’ किंवा ‘जाधाव’, खटावचं ‘खटाओ’. पवारांचं ‘पोवार’ झालेलं पाहून पुण्या-मुंबईचा वाचक हसतो, पण तिथे कारकून बरोबर होता. कोल्हापूरकडे ते पोवारच म्हणतात. मोरे, माने, गोरे आणि काळे यांची आणखी एक गंमत. या चारही आडनावांची स्पेलिंगं इंग्रजीतले रोजचे शब्द आहेत. शोधयंत्राला गोरे सांगितले तर ते रक्तपात दाखवतं, माने सांगितले तर सिंहाची आयाळ आणि काळे म्हटल्यावर परदेशी पालेभाजी.

शिवाय जुन्या नोंदींत आडनाव असेलच असं नाही. नुसतं ‘राम बाळा’ असतं, म्हणजे बाळाचा मुलगा राम. कधी नावाच्या रकान्यात आडनाव आणि आडनावाच्या रकान्यात नाव. त्यामुळे मुरलेले शोधक नावापासून सुरुवातच करत नाहीत. ते पलटण आणि साल घालून सगळी यादी उतरवून घेतात. ‘अधिक माहिती’च्या रकान्यात बापाचं नाव, गाव, तालुका आणि ‘सातारा, बॉम्बे’ किंवा ‘रत्नागिरी, बॉम्बे’ असं लिहिलेलं असतं, त्यावर चाळण लावतात. दुसऱ्या महायुद्धातल्या नोंदींत अनेकदा बायकोचंही नाव असतं. मग उरलेली यादी मोठ्याने वाचतात. हे जरा वेडगळ वाटेल, पण यासारखा उपाय नाही. कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेलं असल्यामुळे डोळ्याला अनोळखी वाटणारं गाव तोंडाने उच्चारलं की आपोआप ओळखीचं होतं.

या सगळ्या प्रकाराचा उलगडा दोन माणसांवरून चांगला होतो. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघेही इटलीत लढले, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि सोबतचे जवळजवळ सगळेच पडले. घाडगे एकटे त्या मोर्चावर धावून गेले. हातगोळा टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदुकीतल्या गोळ्या संपल्यावर नवी मॅगझिन भरायला वेळ नव्हता, म्हणून नळी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केलं. मग दबून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. त्यांचं थडगं नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. लंडन गॅझेटचे जुने अंक आता संगणकावर खुले आहेत, त्यात त्यांच्या पराक्रमाची हकीकत सापडते, मात्र यशवंतच्या स्पेलिंगमध्ये वायनंतर ए नव्हे, ई घालावा लागतो. आणि आडनाव काही पुस्तकांत ‘घाटगे’ होऊन बसलं आहे. घाडगे आणि घाटगे यांतला फरक इंग्रजी पुस्तकवाल्यांना कोण समजावणार?

दुसरे नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या काठावर, पाण्यातून आणि सुरुंगांनी भरलेल्या बांधावरून त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून पलीकडे नेलं आणि मग परत येऊन शत्रूचे तीन मशीनगन मोर्चे गप्प केले. कमिशनच्या यादीत त्यांचं नाव शोधू गेलात तर ते मिळणार नाही. कारण ते जगले. १९८४ पर्यंत जगले.

ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण बहुतेक घरांचा शोध नेमका इथेच फसतो. पहिल्या युद्धात हिंदुस्थानातून तेरा-चौदा लाख माणसं गेली, दुसऱ्यात फौज पंचवीस लाखांवर गेली. त्यातली बहुसंख्य माणसं परत आली, शेती करत राहिली, पेन्शनीवर म्हातारी झाली. त्यांच्या नावांची सबंध देशाची अशी एकत्र, खुली यादी जगात कुठेही नाही. संगणकावर मेलेला मराठी शिपाई सापडतो, परत आलेला सापडत नाही.

परत आलेल्याचा माग घरातूनच काढावा लागतो आणि त्यासाठी पहिली उघडायची ती पत्र्याची ट्रंक. पहिल्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असतात. पदकाचा दर्शनी भाग सगळेच पाहतात, कड कुणी पाहत नाही. दुसऱ्या युद्धात ब्रिटिश शिपायांची पदकं कोरी दिली गेली, हिंदी शिपायांच्या पदकांवर मात्र नावं घातली गेली. साम्राज्याच्या एवढ्या भेदभावात हा एक भेद आपल्या फायद्याचा ठरला. पदक चांदीऐवजी काशाचं असेल तर माणूस बहुधा लढाऊ शिपाई नसून कामकरी पथकात किंवा ‘फॉलोअर’ म्हणून गेलेला असतो. साधारण अर्धी वीत व्यासाची काशाची तबकडी, तिच्यावर ब्रिटानिया आणि सिंह, आणि चौकटीत हुद्द्याशिवाय नुसतं नाव असेल, तर ती मेलेल्याच्या वारसांना दिलेली. काही घरांत तिच्यावर आजवर हळदकुंकू वाहिलं गेलं असेल, काही घरांत ती मोडीत गेली.

हातात नंबर आला की अर्धं काम झालं. नाव चार तऱ्हांनी लिहिलं जातं, नंबर एकाच तऱ्हेने. नंबर घेऊन रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला रीतसर अर्ज करता येतो. शिपायाच्या भरतीपासून निवृत्तीपर्यंतची हकीकत ज्यावर असते त्याला लष्करात शीट रोल म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीचा मिळेल याची खात्री कुणी देऊ नये, दुसऱ्या महायुद्धातला मिळण्याची आशा जास्त. आणि एक अगदी गावठी साधन, जे लष्करी इतिहासाच्या कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शकात नाही: फेरफार. महसूल खात्याने ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. माणूस मेला की जमिनीवर वारस लागतात, आणि वारस लागताना मृत्यूची नोंद येते. बसऱ्यात मेलेल्याचा मृत्यू तलाठ्याच्या दप्तरात कोणत्या साली उगवला, हे पाहिलं की कुटुंबाला खबर कधी पोचली याचाही अंदाज येतो.

लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय दप्तरखान्याने पलटणींच्या युद्धडायऱ्या संगणकावर चढवल्या आहेत. रोज रात्री अधिकाऱ्याने पेन्सिलीने लिहिलेली ही नोंद. पाऊस होता, खंदक कोसळला, अमुक वाजता हल्ला झाला. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समधल्या नव्ह शापेल गावात ४७ शीख पलटणीबरोबर घुसल्या आणि त्या दिवशी त्यांच्या अधिकाऱ्यांपैकी जवळजवळ कुणीच धड राहिला नाही. हे वाचताना अंगावर काटा येतो. पण वाचकाच्या एक लक्षात येतं. गोरा अधिकारी पडला की डायरीत त्याचं नाव येतं. शिपाई पडले की ‘इतर हुद्दे’ असं लिहून पुढे आकडा. म्हणजे इथेही आकडाच.

इथे मात्र या आकड्यावर तोड आहे. डायरीतली तारीख घ्यायची, कमिशनच्या यादीत तीच पलटण आणि तीच तारीख घालायची. डायरी म्हणते ‘इतर हुद्दे, तीन ठार’, यादी तीन नावं देते. गोदीतल्या शिळेने, गावच्या पाटीने आणि पेन्सिलीच्या डायरीने गिळलेली नावं अशी परत मिळवता येतात. शंभर वर्षं वेगवेगळ्या कपाटांत पडलेले दोन कागद एका पडद्यावर शेजारी ठेवणं, एवढंच या तंत्राचं खरं कौतुक.

कैदी झालेल्यांसाठी जिनिव्हा. रेडक्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांची लाखो कार्डं २०१४ साली खुली केली. ती अक्षरानुक्रमे लावलेल्या जुन्या ग्रंथालयाच्या खणासारखी एकेक करून उलटावी लागतात, आणि तिथेही शिंदे नेमके कुठल्या अक्षराखाली बसलेत हा प्रश्न आहेच.

पत्रांची कथा वेगळीच. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची घरी जाणारी पत्रं सेन्सॉर वाचत असे आणि त्यातले उतारे इंग्रजीत उतरवून वरिष्ठांना अहवाल पाठवत असे. हे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, कुठल्या भाषेतून अनुवाद झाला हेही त्यांत टिपलेलं सापडतं. मूळ पत्रं घरोघर गेली, वाचून झाली, विरून गेली. त्यामुळे मराठी शिपायाने मराठीत काय लिहिलं हे कळण्यासाठी मराठी वाचकाला आज इंग्रजी भाषांतर वाचून मनात उलटं भाषांतर करावं लागतं.

जे लढवय्ये ठरवले गेले त्यांची निदान यादी तरी आहे. बाकीच्यांचं काय? मेजर बेथम यांनी १९०८ साली भरती अधिकाऱ्यांसाठी मराठ्यांवर आणि दख्खनी मुसलमानांवर एक पुस्तक लिहिलं, ते संगणकावर सहज मिळतं. कुळं, आडनावं आणि तालुके त्या काळच्या स्पेलिंगसकट त्यात आहेत, म्हणून शोधकाला ते शब्दकोशासारखं उपयोगी पडतं. मात्र कोण ‘लढाऊ जात’ आणि कोण नाही हे ठरवण्याचा त्यातला आव वाचताना हातात मिठाचा खडा ठेवावा. त्याच सिद्धान्तामुळे महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली होती, आणि युद्धाला माणसं कमी पडू लागल्यावर १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली. १९२१ ला ती मोडलीही. कोरेगाव भीमाच्या जयस्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या ४९ जणांची नावं आहेत. त्यातले २२ महार शिपाई ओळखता येतात ते नावाच्या शेवटी येणाऱ्या ‘नाक’ या प्रत्ययावरून. तोच प्रत्यय लक्षात ठेवून विसाव्या शतकाच्या याद्या पाहिल्या तर आडनाव नसलेली कितीतरी माणसं ओळख दाखवू लागतील.

समुद्रावर गेलेले तर आणखी मागे पडले. जहाजांच्या भट्ट्या पेटत्या ठेवणारे कोकणातले खलाशी, जेवणघरं सांभाळणारे गोव्याचे स्टुअर्ड. पहिल्या युद्धात ज्यांना समुद्रानेच पोटात घेतलं अशा दोन हजारांहून जास्त हिंदी दर्यावर्दींचं स्मारक मुंबईत मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. तिथून रोज हजारो माणसं जातात, पण आत काय आहे याची त्यांना कल्पना नसते. उलट घरची माणसं शोधत जातात ती खडकीच्या युद्धस्मशानात किंवा दिल्लीच्या इंडिया गेटवर. खडकीत दुसऱ्या युद्धातली १,६६८ थडगी आहेत, पण बसऱ्याला गेलेला सातारकर तिथे असायचं कारण नाही. इंडिया गेटवरची तेरा हजारांवर नावं मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत.

आता नेहमीचा आक्षेप. ही माणसं इंग्रजांसाठी लढली, त्यांची उठाठेव स्वतंत्र देशाने कशाला करावी? आक्षेप घेणाऱ्यांनी १९१८ सालचा एक प्रसंग आठवावा. लोकमान्य टिळकांनी गांधीजींना पन्नास हजारांचा चेक पाठवला होता. हिंदी लोकांना सैन्यात अधिकारपदं मिळतील असं सरकारकडून वदवून घ्या, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं भरती करून देतो, नाही जमलं तर हे पैसे जप्त, अशी ती पैज होती. गांधीजींनी चेक परत केला. म्हणजे त्या भरतीकडे पाहण्याची त्या काळची नजर आजच्यापेक्षा बरीच गुंतागुंतीची होती. आणि दुष्काळात, कर्जात बुडालेला जो शेतकरी अकरा रुपये महिन्यावर नाव लिहून आला, त्याला साम्राज्याचा पाईक म्हणून निकालात काढणं त्याच्याबद्दल काहीच जाणून न घेता केलेला न्याय ठरतो. नाव लिहून ठेवणं म्हणजे गौरव करणं नव्हे.

पंजाबने हे केलं. १९१९ मध्ये तिथल्या सरकारने गावोगावच्या सैनिकांची नोंद करून ठेवलेली रजिस्टरं लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात ९७ वर्षं पडून होती. सुमारे २६ हजार पानं, ३ लाख २० हजार नावं. लंडनमधल्या पंजाबी वारसा संस्थेने आणि ग्रेनिच विद्यापीठाने २०२१ पासून ती खुली करायला सुरुवात केली. त्यात मेलेले आहेत तसे परत आलेलेही आहेत. गावाचं नाव टाकलं की गावातले सगळे शिपाई समोर येतात.

महाराष्ट्राकडे असं तयार रजिस्टर नाही, पण महाराष्ट्राकडे दुसरं काहीतरी आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी राज्यभर कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी दप्तरं फडक्यांतून बाहेर आली, मोडी वाचणाऱ्यांना शोधून बोलावलं गेलं, कागद स्कॅन झाले आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढले. सरकारने मनावर घेतलं तर तालुक्याच्या तहसिलातला कागद महिन्याभरात जगाला दिसू शकतो, हे तेव्हा सिद्ध झालं. त्याच दप्तरांत शिपायांच्या वारसनोंदी आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या अनुदानाच्या नोंदी आहेत, त्यांत गावं आहेत आणि नंबरही आहेत. गावच्या दगडी पाट्या आहेत, ज्यांतल्या कित्येक रंगाच्या थरांखाली जाण्याआधी फोटो काढण्यापुरत्या तरी शाबूत आहेत. यातलं कुठलंच काम लष्कराच्या परवानगीवाचून अडलेलं नाही.

इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ च्या जुलैत घाडगेंच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. एका परक्या गावाने आपल्या मातीत पडलेल्या एका मराठी नाईकाचं नाव ७९ वर्षांनी दगडावर आणलं. इथे तर दगड आधीपासून आहे, त्यावर आकडाही आहे.

कमिशनचं दार अजून बंद झालेलं नाही. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतीत सेवेत असताना मेलेला माणूस, किंवा सेवेतल्याच दुखण्याने घरी येऊन गेलेला माणूस, पुरावा दिल्यास आजही यादीत घेतला जातो. चुकीचं स्पेलिंगही दुरुस्त होतं. पुरावा म्हणून लागतात ते हेच कागद. फेरफार, पदकाची कड, पेन्शनचं पत्र.

तालुकावार यादी उतरवून देवनागरीत लिहिली आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचली, तर ‘सिंधिया, सन ऑफ बाळा’ हे ऐकून एखादी म्हातारी सांगेल की हा वरच्या वाडीच्या शिंद्यांचा, त्याच्या धाकट्या भावाचा नातू अजून तिथेच राहतो. कमिशनच्या मेडनहेडच्या कचेरीतला कुठलाही संगणक एवढं सांगू शकत नाही.